मेरिलिन मन्रोचा ‘सम लाइक इट हॉट’ पहिल्यांदा बघताय? मग असा बघा

जुने हॉलिवूड पिक्चर बघायचेत पण सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी गेली कित्येक वर्षं एकच नाव सांगते, १९५९ चा ‘सम लाइक इट हॉट’. डायरेक्टर बिली वाइल्डर, आणि पडद्यावर मेरिलिन मन्रो, टोनी कर्टिस, जॅक लेमन. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००० साली त्यांच्याकडच्या सगळ्यात विनोदी शंभर सिनेमांची यादी काढली तेव्हा याला पहिला नंबर दिला होता. पण फक्त एवढं ऐकून बसलात तर सुरुवातीलाच गोंधळाल कारण पहिली पाच मिनिटं शववाहिका, पोलिसांची गाडी, गोळीबार असंच चाललेलं असतं. मी स्वतः हॉस्टेलमधे असताना पहिल्यांदा लावला तेव्हा वीस मिनिटांत बंद केला होता. पुढे काही वर्षांनी मावशीबरोबर पुन्हा बघितला आणि ती सोफ्यावर पोट धरून हसत होती. तेव्हा लक्षात आलं की काही गोष्टी आधी कोणीतरी सांगितल्या असत्या तर पहिल्याच वेळी मजा आली असती. त्याच सांगतेय, आणि शेवट अजिबात फोडणार नाहीये.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. पिक्चर दोन तासांचा आहे आणि एका बैठकीत बघायचा. तुकड्यातुकड्यात बघू नका, कारण यातले जोक सुटेसुटे नाहीत, पहिल्या अर्ध्या तासात एखादी वस्तू नुसती दाखवून ठेवतात आणि तासाभराने ती अशी परत येते की तुम्ही उडताच. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि शक्य असेल तर एकटे बघू नका, घरातली दोन-तीन माणसं गोळा करा. हा पिक्चर भरलेल्या थिएटरसाठी बनवलाय, लोक किती वेळ हसतील याचा अंदाज घेऊन त्यात जागा सोडल्यात, त्याबद्दल पुढे सांगते. ओटीटीवर तो कधी इथे असतो कधी तिथे, थोडं शोधावं लागतं, नाहीतर भाड्याने घ्या. डब केलेला चुकूनही बघू नका, मेरिलिनचा आवाज गेला तर निम्मा पिक्चर गेला. इंग्रजी सबटायटल मात्र नक्की लावा. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी लावा, कारण संवाद सुसाट पळतात आणि १९२९ च्या शिकागोची बोली आहे.

आता गोष्ट काय ते थोडक्यात. १९२९ चा फेब्रुवारी, शिकागो, कडाक्याची थंडी. जो सॅक्सोफोन वाजवतो, जेरी तो भलामोठा डबल बास वाजवतो, दोघंही कफल्लक. एका गॅरेजमधे गँगस्टर लोकांनी केलेलं हत्याकांड यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि आता जीव वाचवायचा तर शहर सोडायला हवं. काम एकच मिळतंय, फ्लोरिडाला निघालेल्या बायकांच्या बँडमधे. मग काय, जोची होते जोसेफिन, जेरीची होते डॅफ्नी, आणि दोघं हाय हील्स घालून स्टेशनवर हजर. त्या बँडमधे गाणारी आणि युकुलेली वाजवणारी मुलगी म्हणजे शुगर, म्हणजे आपली मेरिलिन.

ऋषी कपूर, नीतू सिंग आणि पेंटलचा १९७५ चा ‘रफू चक्कर’ ज्यांनी बघितलाय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल कारण तो यावरूनच घेतलेला आहे. आणि आपल्याला तर पुरुषाने साडी नेसणं काही नवीन नाही, बालगंधर्वांच्या शालूंच्या आठवणी सांगत आपल्या आज्या म्हाताऱ्या झाल्या, आणि ‘अशी ही बनवाबनवी’मधल्या पार्वती आणि सुधाला न ओळखणारा मराठी माणूस सापडायचा नाही. त्यामुळे मला वाटतं हा पिक्चर समजायला मराठी प्रेक्षक मुळातच तयार असतो. अमेरिकेत मात्र तेव्हा हा नाजूक मामला होता. हॉलिवूडची स्वतःची सेन्सॉरशिप होती, प्रॉडक्शन कोड म्हणायचे त्याला, आणि हा पिक्चर त्या कोडच्या मंजुरीशिवायच रिलीज झाला. लोकांनी तरीही तो डोक्यावर घेतला, आणि त्या कोडची पकड सैल व्हायला या पिक्चरने हातभार लावला असं मानतात.

बसण्याआधी थोडी पार्श्वभूमी माहीत असलेली बरी, जास्त नाही. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. त्यामुळे चोरून दारू विकणारे गुत्ते निघाले आणि त्यांच्या जिवावर टोळ्या गब्बर झाल्या. म्हणून पिक्चर शववाहिकेपासून सुरू होतो, शवपेटीत प्रेत नाहीये, बाटल्या आहेत. आणि ते गॅरेजमधलं हत्याकांड, तसं खरंच घडलं होतं, १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोत सात माणसांना भिंतीशी उभं करून मारलं होतं. वाइल्डरने कॉमेडीच्या पोटात खरं रक्त का ठेवलं असेल? माझं मत असं की मरणाची भीती खरी नसती तर दोन धडधाकट पुरुष दोन तास बायकांच्या कपड्यात राहतील हे कोणालाच पटलं नसतं. भीती पटली की मग पुढचं काहीही पटतं. म्हणून ती पहिली पंचवीस मिनिटं धीर धरा, तिथे विनोदाचा पाया भरला जातोय.

सुरुवातीलाच एक संवाद आहे तो हातचा जाऊ देऊ नका. मिळालेला पगार कुत्र्यांच्या शर्यतीवर लावायचा म्हणून जो मागे लागलाय आणि जेरी घाबरून नको म्हणतोय, तेव्हा जो त्याची खिल्ली उडवत म्हणतो की समजा असं झालं तर, समजा तसं झालं तर. समजा शेअर बाजार कोसळला, समजा मेरी पिकफर्डने डग्लस फेअरबँक्सशी घटस्फोट घेतला, समजा डॉजर्सनी ब्रुकलिन सोडलं. १९२९ च्या फेब्रुवारीत या सगळ्या अशक्य कोटीतल्या गोष्टी होत्या. शेअर बाजार त्याच वर्षी ऑक्टोबरमधे कोसळला, मूकपटांच्या काळातली ती लाडकी जोडी १९३६ मधे वेगळी झाली आणि बेसबॉलची ती टीम १९५७ चा सीझन संपल्यावर खरंच ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेली. म्हणजे १९५९ चा प्रेक्षक हसत होता कारण त्याला पुढचं सगळं माहीत होतं. असे जोक आपल्या हातून निसटतात, त्यात आपला दोष नाही, पण एकदा कळले की मजा दुप्पट. तसंच गँगचा म्होरक्या झालेला जॉर्ज राफ्ट, हा स्वतः १९३२ च्या एका गाजलेल्या गँगस्टरपटात सतत नाणं उडवायचा. इथे एक पोरगेला गुंड त्याच्यासमोर तसंच नाणं उडवतो आणि राफ्ट त्याला झापतो की ही भिकार लकब शिकलास कुठे. आणि पुढे समुद्रकिनाऱ्यावर टोनी कर्टिस जो घशातून खानदानी आवाज काढतो ती कॅरी ग्रँट या तेव्हाच्या मोठ्या हिरोची नक्कल आहे. ग्रँटचा एखादा सीन आधी युट्युबवर ऐकून ठेवलात तर किनाऱ्यावरचा तो सगळा प्रसंग अजून खुलतो.

आणि पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट का, हे घरातलं कोणीतरी विचारणारच. तोपर्यंत कलर सर्रास आला होता, मेरिलिनला स्वतःलाही कलरच हवा होता. पण टेस्ट घेतल्यावर दोन्ही हिरोंच्या चेहऱ्यावरचा तो जाड मेकअप कलरमधे हिरवट दिसायला लागला, आणि वाइल्डरने तिला तेच दाखवून पटवलं. झालं ते बरंच झालं, कारण काळ्यापांढऱ्यात १९२९ साल खरं वाटतं आणि मेरिलिन तर आतून दिवा लावल्यासारखी दिसते.

आता मेरिलिन. यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं.

बहुतेकांना मेरिलिन माहीत असते ती फोटोमधून. उडणारा पांढरा ड्रेस, लाल ओठ, टीशर्टवर, कॅफेच्या भिंतीवर. तो उडणारा ड्रेसही वाइल्डरच्याच १९५५ च्या पिक्चरमधला आहे. फोटोमुळे असं होतं की आपण तिला बघायला बसतो, ऐकायला नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे की या पिक्चरमधे तिला ऐका. नकली बाई झालेल्या दोन पुरुषांचा दंगा एकीकडे आणि त्या सगळ्यात एकच माणूस खरं बोलतंय, ती शुगर. ती एकदाही विनोद केल्यासारखा विनोद करत नाही. स्वतःबद्दल सांगते की मी काही फार हुशार नाही, पण त्यात रडगाणं नसतं, कोणी उंची सांगावी तसं सांगते. म्हणून हसूही येतं आणि काळजात चर्रही होतं.

तिची एंट्री बघा. स्टेशनचा प्लॅटफॉर्म, काळा कोट, हातात युकुलेलीची केस, आणि गाडीखालून वाफेचा झोत फुस्सकन तिच्यावर येतो तशी ती दचकून बाजूला उडी मारते. मागे आपले दोघं हील्सवर लडखडत उभे आहेत आणि जेरी आ वासून म्हणतोय की हिला हे चालणं जमतं कसं. दोघांना चालणं शिकवायला बार्बेट नावाचा एक कलाकार आणला होता, बायकी वेषात झोपाळ्यावरच्या कसरती करून पॅरिस गाजवलेला. जॅक लेमनने मात्र ते धडे नाकारले, त्याचं म्हणणं होतं की मला बाईसारखं चालायचं नाहीये, बाईसारखं चालायचा प्रयत्न करणाऱ्या पुरुषासारखं चालायचंय. हे लक्षात ठेवून दोघांच्या चालण्यातला फरक बघा, जोसेफिन तोऱ्यात चालते आणि डॅफ्नी कायम घाईत.

मग रेल्वेतला मोठा भाग येतो. रात्रीच्या स्लीपर डब्यात पडदे लावलेल्या बर्थ आहेत, आणि डॅफ्नीच्या अप्पर बर्थवर एकेक करत अख्खा बँड दारूच्या पार्टीला चढतो. लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर रात्रभर ट्रेनने गेलेल्या माणसाला हा सीन समजावून सांगायची गरजच नाही. पण त्या गोंगाटातून उठून शुगर बर्फ फोडायला वॉशरूममधे जाते आणि जोसेफिनला आपली कहाणी सांगते, तो भाग नीट बघा. सॅक्सोफोन वाजवणारे कसे एकामागून एक तिच्या आयुष्यात आले, तिच्याकडून पैसे घेऊन कसे निघून गेले. आणि समोर ऐकत बसलाय तो स्वतः तसलाच एक सॅक्सोफोनवाला. जोचा चेहरा बघा तिथे. पुढे ती म्हणते की मला आता चष्मेवाला करोडपती हवाय, चष्मेवाले स्वभावाने मऊ असतात, पेपरातले शेअरचे बारीक आकडे वाचून त्यांचे डोळे अधू झालेले असतात. हा चष्मा विसरू नका.

फ्लोरिडाचं ते समुद्रकाठचं हॉटेल खरं तर कॅलिफोर्नियात आहे, सॅन दिएगोजवळचं हॉटेल देल कोरोनाडो, १८८८ साली बांधलेलं आणि अजून उभं. किनाऱ्यावर शुगर आणि खोटा करोडपती झालेला जो पहिल्यांदा भेटतात तो सीन इथलाच. शूटिंगच्या काळातले मेरिलिनचे किस्से तुम्ही कुठे ना कुठे वाचालच, की सेटवर तासन्‌तास उशिरा यायची, दोन-तीन शब्दांच्या एका वाक्याला चाळीसच्या वर टेक झाले, शेवटी ते वाक्य टेबलाच्या ड्रॉवरमधे लिहून चिकटवावं लागलं. हे किस्से चवीने सांगितले जातात, पण वाइल्डरनेच सांगितलेला दुसरा किस्सा मात्र कोणी सांगत नाही. किनाऱ्यावरचा हा लांबलचक संवाद तिने दोन-तीन टेकमधे न अडखळता दिला होता, डोक्यावरून नौदलाच्या तळावरची विमानं उडत असताना. आणि त्या दिवसांत ती गरोदर होती. शूटिंग संपल्यावर थोड्याच दिवसांत ते बाळ गेलं. मी तिची तरफदारी करतेय असं वाटत असेल तर हो, करतेय. १९५५ साली सगळं झगमगाट सोडून ती न्यूयॉर्कला अ‍ॅक्टर्स स्टुडिओत ली स्ट्रासबर्गकडे अभिनय शिकायला गेली होती, तेव्हा ती आधीच स्टार होती. कोणी सांगितलं होतं तिला शिकायला? तिलाच चांगलं काम करायचं होतं.

क्लबमधली तिची गाणी चालू असताना स्वयंपाकघरात जाऊ नका, आपल्याकडे गाणं लागलं की पाणी प्यायला उठायची सवय असते. ‘आय वॉना बी लव्ह्ड बाय यू’ हे १९२८ चं गाणं, म्हणजे पिक्चरमधल्या काळात अगदी ताजं. त्यात तिचा तो झिरझिरीत मण्यांचा गाऊन आणि स्पॉटलाइटचं वर्तुळ, ते वर्तुळ खालीवर होत किती दाखवायचं आणि किती झाकायचं याचा जो खेळ करतं त्यातच सेन्सॉरवाल्यांना दिलेलं उत्तर आहे. कपडे ऑरी-केलीचे, आणि या पिक्चरला सहा नॉमिनेशनपैकी एकमेव ऑस्कर मिळालं ते त्याच्याच कपड्यांना. मेरिलिनला उभ्या आयुष्यात ऑस्करचं साधं नॉमिनेशनही मिळालं नाही, मला याचं अजून वाईट वाटतं. गोल्डन ग्लोब मात्र मिळाला, याच रोलसाठी. शेवटाकडे ती पियानोवर बसून एक दुःखी गाणं म्हणते तेव्हा तो सगळा झगमगाट बाजूला पडतो आणि नुसता चेहरा उरतो. त्या वेळी बोलू नका कोणाशी.

यॉटवरचा सीन म्हणजे कळस. रोमँटिक कॉमेडीत साधारण पुरुष मागे लागतो आणि बाई आढेवेढे घेते. वाइल्डरने ते उलटं केलं, जो असं सोंग घेतो की आपल्याला प्रेमाने काही होतच नाही, थंडगार झालोय, आणि बिचारी शुगर मनापासून त्याला बरं करायला निघते. तिकडे खरा करोडपती ऑसगुड आणि डॅफ्नी दातात गुलाब धरून टँगो नाचतायत, आणि कॅमेरा सरकन इकडे सरकन तिकडे. त्याच्या लगेच नंतरचा, सकाळी डॅफ्नी खोलीत परतल्यावरचा सीन, तिथे जॅक लेमनच्या हातात खुळखुळे दिलेत, मराकास. एक वाक्य बोलतो, खुळखुळे वाजवत नाचतो, मग पुढचं वाक्य. मघाशी जे म्हटलं की हसण्यासाठी जागा सोडल्यात ते हेच. थिएटरमधे लोक इतके हसतील की पुढचं वाक्य बुडेल हे वाइल्डरला आधीच दिसत होतं म्हणून त्याने मधे खुळखुळे घातले. घरात एकटं बघताना तो भाग थोडा लांबल्यासारखा वाटतो, चार माणसं असली की बरोबर घडी बसते.

काही गोष्टी आज खटकतात, त्या खटकू द्या. जो शुगरला सरळसरळ फसवतो, तिने मैत्रीण समजून सांगितलेलं सगळं तिच्याविरुद्ध वापरतो, आणि मला वाटतं पिक्चर त्याला फारच स्वस्तात सोडतो. ऑसगुड लिफ्टमधे चिमटे काढतो तेही आज हसण्यावारी नेता येत नाही. पण त्याच लिफ्टनंतर डॅफ्नी झालेला जेरी वैतागतो तेव्हा जो त्याला सुनावतो की आता कळलं ना दुसऱ्या बाजूला कसं वाटतं. १९५९ च्या मानाने हे थोडं नाही.

शेवटी सगळे मोटरबोटीत बसतात तिथे रिमोटला हात लावू नका. शेवटचं वाक्य संपेपर्यंत थांबा. वाइल्डर आणि त्याचा सहलेखक डायमंड, दोघंही बाहेरून अमेरिकेत आलेले, दोघांची मातृभाषा इंग्रजी नव्हती, आणि इंग्रजी सिनेमातलं सगळ्यात लाडकं शेवटचं वाक्य या दोघांनी लिहिलं. तेही तात्पुरतं म्हणून, चांगलं सुचलं की बदलू म्हणून ठेवलेलं, पण त्याहून चांगलं सुचलंच नाही. वाइल्डर २००२ मधे गेला, त्याच्या कबरीवरच्या दगडावर तेच शब्द आहेत. लॉस एंजेलिसच्या वेस्टवुडमधली ती लहानशी दफनभूमी, जॅक लेमन तिथेच आहे आणि १९६२ च्या ऑगस्टमधे ३६ व्या वर्षी गेलेली मेरिलिनही.

तिच्या आयुष्याबद्दल वाचायचं असेल तर पिक्चर बघून झाल्यावर वाचा, आधी नको. आधी वाचलंत तर प्रत्येक हसण्यामागे तुम्ही तिचं मरण शोधत बसाल आणि समोर चाललेलं सुंदर काम दिसणारच नाही. आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा बघा. या वेळी गोष्ट माहीत आहे त्यामुळे दुसरं कोणी बोलत असतानाही नजर शुगरवर ठेवा, ती ऐकते कशी ते बघा. नंतर तिचा १९५३ चा ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ लावा, तो रंगीत आहे, गाण्यांनी भरलेला आहे आणि त्यात तिची आणि जेन रसेलची मैत्री हिऱ्यांपेक्षा जास्त चमकते. वाइल्डर आणि लेमनची जोडी आवडली असेल तर १९६० चा ‘द अपार्टमेंट’, पण तो थोडा उदास आहे, रविवारी रात्री बघू नका.